गावठाणातलं घर विकणे आहे

संपादकांनी या अंकासाठी ‘विकणे आहे’ एवढाच विषय दिला आणि बाकी मोकळीक दिली. त्याच सुमारास सटाण्याहून एका परिचितांचा निरोप आला. जुन्या गावठाणात एक लहानसं घर विक्रीला आहे, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं, आणि मालकांनी ते पाडण्याऐवजी मन लावून दुरुस्त केलंय. येऊन बघा. एवढं पुरेसं होतं.

नाशिकहून देवळ्यामार्गे सटाण्यात शिरताना गावाचं पहिलं दर्शन होतं ते विंचूर–प्रकाशा महामार्गाचं. हा रस्ता गावाच्या पोटातून जातो. कांद्याचे ट्रॅक्टर, द्राक्षाचे पिकअप, गुजरातकडे निघालेले ट्रक आणि एसटी अशी सगळी वाहतूक एकाच रस्त्यावर येते. बाह्यवळणाची मागणी गावकरी वर्षानुवर्षं करत आलेत. महामार्गाला लागून तीनतीन मजली काँक्रीटच्या इमारती आहेत, खाली दुकानं आणि वर दवाखाने-क्लासेस. तिथून गल्लीत वळलं आणि थोडं आत गेलं की रस्ता अरुंद होत जातो, हॉर्नचा आवाज मागे राहतो, काँक्रीटच्या दोन घरांमध्ये मध्येच एखादं सागवानी खांबांचं घर दिसू लागतं. त्यातलंच हे एक.

चौदा फुटांचं तोंड

घराचं तोंड जेमतेम चौदा फूट आणि खोली पंचेचाळीसच्या आसपास. गावठाणातली घरं अशीच असतात, रस्त्यावर थोडी आणि मागे लांब. पुढे घडीव दगडाचं जोतं, त्यावर ओटा. दारावर सागवानी चौकट, वरच्या पट्टीवर गणपती कोरलेला. आत ओसरी, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि शेवटी उघडा परस. ओसरीवर माडी, तिच्यावर मंगलोरी कौलं. माजघरावर मात्र माडी नाही, तिथे धाबं आहे, म्हणजे मातीचं सपाट छत. दोन्ही बाजूंच्या भिंती दीड-पावणेदोन फूट जाड, खाली दगड-मातीच्या आणि वर कच्च्या विटांच्या.

मालक जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक. गल्लीत सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. घर त्यांच्या आजोबांनी बांधलं. तेव्हा इकडे सिमेंट फारसं नव्हतं, लोखंडी सळईचा स्लॅब ठाऊक नव्हता. लाकूड मात्र जवळ होतं. बागलाण या सटाण्याच्या तालुक्याच्या पश्चिमेला डांगचं जंगल लागतं. त्या जंगलातला साग तोडण्याचे हक्क इंग्रजांनी १८४० च्या दशकात भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने घेतले होते, इतकं ते लाकूड मोलाचं. या भागातली जुनी माणसं खांबावर हात ठेवून ‘डांगचा साग’ म्हणतात तेव्हा त्या दोन शब्दांत खांबाची जात, वय आणि भरवसा सगळं आलेलं असतं.

खांब जमिनीत गाडलेला नसतो, हे मुद्दाम पाहण्यासारखं. तो घडीव दगडाच्या उथाळ्यावर नुसता उभा असतो. जमिनीतली ओल दगडापर्यंत येते आणि थांबते, लाकडात चढत नाही. वाळवीलाही दगडावरून उघड्यावर चढावं लागतं, म्हणजे ती दिसते आणि झाडता येते. खांबांवर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर पाट. भिंत आणि लाकडाचा सांगाडा एकमेकांना टेकलेले असतात, पण छताचा बहुतेक भार खांब पेलतात. म्हणून जुन्या घराची एखादी भिंत ढासळली तरी छप्पर जागेवर राहिलेलं दिसतं, आणि कारागिराला ती भिंत सावकाश पुन्हा उभी करता येते.

भर दुपारी ओसरीतून माजघरात पाऊल टाकलं आणि गारवा पायाला आधी कळला, मग कपाळाला. बागलाणचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला याचं मोल सांगावं लागत नाही. जाड मातीची भिंत दिवसभर ऊन पिते, पण ती ऊब आत पोचेपर्यंत रात्र झालेली असते. तोवर बाहेर हवा निवलेली असते आणि परसाचं दार उघडलं की ऊब निघून जाते. ओट्यावर बसलेल्या शेजारच्या आजींनी हेच त्यांच्या बोलीत एका वाक्यात सांगितलं, “उनाळामा बी थंड ऱ्हास.”

धाब्यावरची माती

दुरुस्तीची सुरुवात छतापासून झाली. सगळ्यात मोठं दुखणं तिथेच होतं.

धाबं कसं करतात ते आधी सांगायला हवं. कड्यांवर पाट किंवा कामट्या अंथरतात, त्यावर पाला, त्यावर ओली माती चोपून बसवतात आणि सगळ्यात वर खारी पांढरी माती. ही वरची माती काळजीपूर्वक निवडलेली असते. तिच्यातल्या क्षारांमुळे पहिल्या पावसातच तिचे बारीक कण सुटे होतात, फुगतात आणि खालच्या फटी बुजवतात. मग पाणी आत मुरण्याऐवजी उतारावरून पन्हाळीकडे जातं. जिथे पाऊस बेताचा आणि ऊन प्रखर, तिथे हे छत शोभतं. खानदेशात आणि देशावरच्या कोरड्या पट्ट्यात ते शतकानुशतकं टिकलं ते याच कारणाने. कोकणात ते एक पावसाळाही काढणार नाही.

पण या छताला दरवर्षी मे महिन्यात माणसाचा हात लागतो. भेगा बुजवायच्या, गवत उपटायचं, नवा थर द्यायचा. इथेच घोळ होतो. नवा थर देण्याआधी जुना खरवडून काढला पाहिजे. घाईत तो काढला जात नाही आणि थरावर थर चढत जातो. गुरुजींच्या माजघरावर फुटाहून जास्त माती साचली होती. दहा बाय पंधराच्या खोलीवर फूटभर मातीचं ओझं किती होतं याचा हिशेब मी मांडून पाहिला: साडेसहा-सात टन, आणि तेही कोरडी असताना. भिजली की आणखी. सागवानी तुळया हे ओझं डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. दरवर्षी पावसाळ्यात जुन्या नाशकातले वाडे कोसळल्याच्या बातम्या येतात, तेव्हा लोक लाकूड कुजलं म्हणतात. बऱ्याचदा लाकडावर त्याच्या ताकदीबाहेरचं ओझं चढलेलं असतं, ते कोणी उतरवलेलं नसतं.

काम करणारे मिस्त्री साठीच्या पुढचे आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांचा पुतण्या असतो. त्यांनी सांगितलं, “आधी माती उतरवली सर, घमेल्या-घमेल्यानं. एकदम एका अंगाची काढायची नाही. मधून काढत दोन्हीकडं जायचं, नाहीतर तुळई वळते.” माती उतरल्यावर त्यांनी प्रत्येक कडीवर हातोडी वाजवली. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, आतून पोकळ झालेलं बद्द. भिंतीत गेलेली टोकं त्यांनी टोच्याने तपासली, कारण लाकूड कुजायला सुरुवात तिथेच होते, जिथे ते दिसत नाही. तीन कड्यांची टोकं गेली होती. अख्ख्या कड्या बदलण्याऐवजी कुजलेला भाग कापून जुन्याच सागाचा तुकडा तिरप्या सांध्याने जोडला. तो सांधा मी शिडीवर चढून पाहिला. बोट फिरवलं तर लागतो, डोळ्यांना दिसत नाही.

नंतर नवं धाबं घातलं ते अवघं चार-पाच बोटं जाड. पाटांवर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर चुना मिसळलेली माती, वर पांढरीचा पातळ हात. प्लास्टिक पाहून एखाद्या शुद्धतावाद्याच्या कपाळाला आठी पडेल. माझ्या नाही पडली. घर राहण्यासाठी आहे, आणि गळणारं छत परंपरेच्या नावाने कोणी सहन करावं असं मला वाटत नाही.

भिंतींची गोष्ट उलटी होती. तिथे नवं काढून जुनं आणावं लागलं. मागच्या पिढीत कधीतरी आतून सिमेंटचा गिलावा केला होता. मातीची भिंत खालून थोडी ओल घेते आणि अंगातून सोडून देते. सिमेंटने तिची वाट बंद केली. ओल आत कोंडली, लोणा लागला, गिलाव्याचे पापुद्रे सुटले आणि त्यामागच्या विटा भुसभुशीत झाल्या. तो सगळा गिलावा फोडून, पोकळ जागी नव्या कच्च्या विटा घालून, वर चुन्याचा हात दिला. चुना आठवडाभर भिजवून मळावा लागतो, सिमेंटसारखं पोतं फोडून लगेच कामाला लागता येत नाही. “मजुरी वाढते,” मिस्त्री म्हणाले, “पण परत यावं लागत नाही.”

संडास आणि एक टन पाणी

महायुद्धापूर्वीच्या घरात जे मुळात नव्हतंच ते बसवणं हे जुनं दुरुस्त करण्यापेक्षा अवघड. मुंबईत १८९६ च्या प्लेगनंतर सुधार मंडळ स्थापन झालं, दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती उभ्या राहिल्या आणि तिथे मध्यमवर्गाला घरातच न्हाणीघर-संडास असलेले ‘ब्लॉक’ मिळाले. तिथल्या १९३० च्या दशकातल्या इमारतीत आजचा माणूस भिंतीही न हलवता राहू शकतो. त्याच दशकात सटाण्यात बांधलेल्या या घरात नहाणी होती, मोरी होती, पण संडास नव्हता.

मातीच्या घराला नळाच्या पाण्याची भीती बाळगावी लागते. गळकी तोटी काँक्रीटच्या घरात डाग पाडते, इथे भिंत आणते खाली. म्हणून संडास-बाथरूम घराला चिकटवलं नाही. परसात स्वतंत्र जोत्यावर भाजक्या विटांनी बांधलं आणि मातीच्या भिंतीपासून हातभर फट ठेवली, वर पत्र्याची झाप टाकली. पाइप फुटला तरी पाणी फटीत पडेल आणि दिसेल. संडासाची टाकी कुठे घ्यायची यावर बराच खल झाला. गल्ली इतकी अरुंद की मैला उपसणारी गाडी दारापर्यंत येत नाही, तिचा पाइप ओसरी-माजघरातून लांबवत न्यावा लागणार. शेवटी मागच्या बोळाच्या बाजूला टाकी घेतली.

पाण्याची टाकी हा दुसरा प्रश्न. हजार लिटरची काळी टाकी भरली की एक टन होते. धाब्यावर ती ठेवणं म्हणजे खाली उतरवलेली माती पुन्हा वर चढवणं. ती बाथरूमच्या स्लॅबवर गेली. सटाण्यात साठवणीशिवाय भागत नाही. गावाची तहान बरीच वर्षं विहिरींवर आणि नदीपात्रावर भागत आली, नळाला रोज पाणी ही चैन होती. पुनंद धरणातून थेट जलवाहिनी आणण्याच्या योजनेला कळवणकडच्या शेतकऱ्यांचा विरोध झाला, वाद चिघळला, आणि अखेर पाणी आलं. पण टाकीची सवय सुटत नाही.

वीजही भिंत न फोडता नेली आहे. मातीच्या भिंतीत झिरी मारली की ती कडेने ढासळत जाते, म्हणून तारा बाहेरून नळीत, तुळईच्या कडेकडेने. काळजीने केलेलं काम आहे, कुठे खुपत नाही.

ओट्यावरून दिसणारं गाव

घर विकत घेताना माणूस गल्लीही घेत असतो. ओट्यावर बसून मी ती पाहिली. समोर पिठाची गिरणी, तिच्या पट्ट्याचा आवाज सकाळी आणि संध्याकाळी. दोन घरं सोडून शिंप्याचं दुकान. दुपारी ओट्यांवर बाया गहू निवडत, लसूण सोलत बसलेल्या, आणि बोलणं या ओट्यावरून त्या ओट्यावर. शाळेतून येणारं पोर कुणाचं, आज उशिरा का आलं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक. ज्याला हे नको असेल त्याने हे घर घेऊ नये. ज्याला म्हाताऱ्या आईला दिवसा एकटं ठेवून नोकरीला जायचं असेल त्याला याच्यासारखी जागा नवीन कॉलनीत मिळणार नाही.

इथून बाजार, नगर परिषद, तहसील कचेरी, बसस्थानक सगळं पायी. आणि पायीच देवमामलेदारांचं मंदिर. सटाण्याबाहेरच्या वाचकासाठी सांगतो, या गावाचं आराध्यदैवत एक महसूल अधिकारी आहे. यशवंतराव महादेव भोसेकर इथे मामलेदार होते. १८७०–७१ च्या दुष्काळात माणसं अन्नावाचून मरू लागली तेव्हा त्यांनी वरिष्ठांच्या हुकुमाची वाट न पाहता सरकारी खजिना उघडला आणि पैसा वाटला, ही गोष्ट इथल्या प्रत्येक मुलाला पाठ असते. १८८७ मध्ये ते गेले. त्यांच्या पुण्यतिथीची यात्रा मार्गशीर्ष वद्य एकादशीला सुरू होते, रथ निघतो, आरम नदीकाठी पाळणे आणि दुकानं लागतात. त्या दिवसांत गावठाणातल्या प्रत्येक घरात पाहुणे असतात. गुरुजींच्या पत्नी म्हणाल्या, “माहेरवाशिणी दिवाळीला नाही आल्या तरी यात्रेला येतात. माडीवर वळकट्या घालायच्या आणि रात्रभर गप्पा.” त्यांचे गुडघे दुखतात, माडीचा जिना खडा आहे. मुलगा पुण्यात आहे आणि त्याने दोघांना तिकडे बोलावलंय. घर विकण्याचं कारण एवढंच, आणि ते पुरेसं आहे.

वस्ती मळ्यात गेली

या गल्लीत कुलूप लावलेली घरं मोजायला लागलं की मन खट्टू होतं. गावठाण का रिकामं झालं याचं उत्तर शेतात आहे. बागलाणच्या शेतकऱ्याने द्राक्ष आणि डाळिंब लावलं आणि त्याचं राहणीमान बदललं. इथली अर्ली द्राक्षं राज्यात इतर ठिकाणच्या बागा तयार होण्याआधी, डिसेंबरच्या सुमारास बाजारात येतात. त्यासाठी छाटणी भर पावसाळ्यात करायची, म्हणजे ऐन रोगराईच्या दिवसांत बागेवर रात्रंदिवस डोळा ठेवायचा. डाळिंबाला तेल्याने ग्रासलं तेव्हा तर फवारणीच्या वेळा सांभाळण्यासाठी माणूस बागेतच मुक्कामाला गेला. वीज रात्री येणार तर पाणी रात्री भरायचं. असं करता करता मळ्यात आधी शेड, मग दोन खोल्या, मग बंगला उभा राहिला. गावातलं घर म्हाताऱ्यांसाठी राहिलं, आणि म्हातारे गेल्यावर कुलपासाठी.

नोकरदार आणि व्यापारी नव्या कॉलन्यांत गेले, कारण तिथे दारात चारचाकी लागते. या घराच्या दारात दुचाकी लागते, चारचाकी नाही. विक्रीतला सगळ्यात मोठा अडसर हाच, असं गुरुजींना वाटत होतं. कागद पाहिल्यावर माझं मत वेगळं झालं.

मोडीतलं खरेदीखत आणि बहिणींच्या सह्या

जागेचं मूळ खरेदीखत मोडीत आहे. आजोबांनी जागा घेतली तेव्हा दस्तऐवज मोडीत लिहिणं ही रोजची रीत होती. आज ते वाचणारा माणूस शोधावा लागतो. गुरुजींनी नाशिकहून मोडी वाचकाकडून त्याचं देवनागरी लिप्यंतर करून घेतलं. त्यात चतुःसीमा आहेत, शेजाऱ्यांच्या नावाने. पूर्वेचा शेजारी कधीच वारला, त्याचं घर तीन हातांतून गेलं, पण ‘समाईक भिंत’ हे दोन शब्द अजून कागदावर उभे आहेत. याचा अर्थ पूर्वेच्या भिंतीवर दोन्ही घरांचा हक्क आहे. शेजाऱ्याने आपलं घर पाडून स्लॅबचं बांधायला काढलं तर ती भिंत त्याला मनमानी तोडता येणार नाही, आणि हे घर पाडायचं झालं तर इकडच्यालाही नाही. परसातल्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाचंही तेच. १८८२ च्या सुखाधिकार कायद्यानुसार सलग वीस वर्षं निर्वेध मिळालेला उजेड-वारा हा हक्क होतो. नव्या फ्लॅटच्या गिऱ्हाइकाला यातलं काही माहीत असावं लागत नाही. इथे नकाशापेक्षा हा कागद जास्त बोलतो.

मग वारस. मिळकत पत्रिकेवर गुरुजी, त्यांचे नाशिकचे भाऊ आणि दोघी बहिणी अशी चार नावं आहेत. पूर्वी बहिणींची नावं सर्रास गाळली जात. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद केलं, २००५ मध्ये केंद्राने कायदा बदलला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनिता शर्मा खटल्यात सांगितलं की हा हक्क जन्माने मिळतो, २००५ मध्ये वडील हयात असोत वा नसोत. गावठाणातली कितीतरी घरं विकली जात नाहीत, दुरुस्तही होत नाहीत, ती या सह्यांपायी. सहा भावंडं सहा गावी, कुणी कुणाशी बोलत नाही, आणि मध्ये घर गळत राहतं. ‘हक्कसोड करून दे’ असं भाऊ म्हणतो आणि बहीण माहेर तुटेल या धास्तीने सही करते, हेही मी इतरत्र पाहिलंय, आणि ते मला कधीच पटलेलं नाही.

इथे तसं झालं नाही. थोरल्या बहिणीशी माझं फोनवर बोलणं झालं. त्या म्हणाल्या, “दादानं दुरुस्तीला पैसा घातला तो त्यानं आधी काढून घ्यावा. उरलेल्याचे चार वाटे. आमच्या वाट्याचं आम्ही सोडणार नाही, आणि त्यानंही ‘सोड’ म्हटलेलं नाही.” चौघांच्या सह्यांनी खरेदीखत होईल, असं ठरलंय. इतकं सरळ बोलणं घराघरांत झालं असतं तर गावठाणातली निम्मी कुलपं निघाली असती.

सटाण्याला नगर परिषद असल्याने सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका तरी हातात आहे. आजूबाजूच्या खेड्यांत गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ एवढाच आधार असे. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन तिथे आता पत्रिका मिळू लागल्या आहेत.

मूल्यांकन

आता मुख्य गोष्टीकडे येतो. दुरुस्तीनंतर गुरुजींनी एका मूल्यांकन करणाऱ्याला घर दाखवलं. त्याने टेप धरला, जागेचं क्षेत्रफळ काढलं, रेडी रेकनरचा दर लावला. बांधकामाच्या रकान्यात घराचं वय पाहून घसारा धरला आणि जे उरलं ते नावापुरतं. बदललेल्या कड्या, चुन्याचा गिलावा, नवं धाबं, स्वतंत्र जोत्यावरचं बाथरूम यांना त्या तक्त्यात रकानाच नाही. माती आणि लाकूड म्हटलं की अर्धंपक्कं, आणि अर्धंपक्कं ऐंशी-नव्वद वर्षांचं झालं की त्याचं आयुष्य संपलं, असं तक्ता म्हणतो. घर मात्र उभं आहे आणि त्यात माणसं सुखाने झोपतात.

याचा परिणाम थेट कर्जावर होतो. बँकेला मंजूर नकाशा हवा, इमारतीचं उरलेलं आयुष्य हवं. महायुद्धाआधी या गल्लीत कुणी नकाशा मंजूर करून घेतला असेल? मग कर्ज मिळत नाही, आणि ज्याला राहायला घर हवंय त्या पगारदार माणसाची वाट तिथेच बंद होते. उरतो रोकडा असलेला गिऱ्हाईक, आणि त्याला बहुधा घर नको असतं, जागा हवी असते. त्याच्या मागोमाग जुन्या लाकडाचा व्यापारी येतो, खांब-तुळयांचा घनफुटाने भाव करतो, कोरीव चौकटीचा वेगळा. ते लाकूड पुढे कुठल्या तरी शहरी बंगल्यात किंवा रिसॉर्टमध्ये शोभेला लागतं. खांब शाबूत राहतो, पण ज्याच्यासाठी तो उभा होता ते छत जातं.

मुंबईतही याच काळातल्या घरांना हाच अनुभव येतो, फक्त कारणं निराळी. तिथे भाडेनियंत्रणाने सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण धरलं आणि ते गोठलं. मालकाला दुरुस्ती परवडेना, म्हणून १९६९ च्या कायद्याने उपकर बसवून दुरुस्ती सरकारी मंडळाकडे दिली. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारती त्यात ‘अ’ वर्गात येतात. आज गिरगावात किंवा दादरला अशा इमारतीतली दीड खोलीची पागडीची जागा कुणी विकायला काढली, आतून फरशी-मोरी-ओटा कितीही देखणा केलेला असला, तरी गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतो तो पुनर्विकासाचा. टॉवर कधी, आणि त्यात किती फूट मिळणार? कायद्याने किमान ३०० चौरस फूट मिळतात, म्हणून भाव त्या न बांधलेल्या तीनशे फुटांचा ठरतो. सटाण्यात भाव रिकाम्या प्लॉटचा ठरतो. दोन्हीकडे समोर उभ्या असलेल्या घराची किंमत कुणी करत नाही. मला हे चुकीचं वाटतं, आणि दुरुस्त होण्याजोगंही वाटतं. संरचना तपासणाऱ्या अभियंत्याने लाकडी सांगाडा तपासून पुढच्या पंचवीस वर्षांचा दाखला दिला, तर बँकेने तो ग्राह्य का धरू नये?

दोन गिऱ्हाइकं

सध्या दोघांशी बोलणी चालू आहेत. एकाचं महामार्गावर दुकान आहे आणि त्याला मालासाठी गोदाम हवंय. तो जास्त पैसे देतोय, घर पाडणार हे त्याने स्पष्ट सांगितलंय. समाईक भिंतीचा कागद दाखवल्यावर तो जरा थबकला.

दुसरं एक तरुण जोडपं. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका, तो बाजार समितीत कामाला. त्याची आई त्यांच्याजवळ असते. त्यांना इथे राहायचंय. माडीचा पुढेमागे उपयोग करण्याचाही विचार आहे, कारण जुलै २०२५ मध्ये साल्हेर किल्ला इतर मराठा किल्ल्यांबरोबर जागतिक वारसा यादीत आल्यापासून आणि मांगीतुंगीच्या यात्रेकरूंमुळे तालुक्यात मुक्कामाला जागा विचारणारे वाढलेत. त्यांची रक्कम कमी आहे. सोनं तारण, पतसंस्थेचं कर्ज आणि दोघांची शिल्लक अशी जुळवाजुळव आहे. खरेदी तिच्या नावावर करायची, म्हणजे मुद्रांक शुल्कात महिलेला मिळणारी एक टक्क्याची सवलत मिळेल. सगळे पैसे बँकेतूनच द्यायचे, कारण २०१५ पासून स्थावराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही.

गोदामवाल्याचा आकडा ऐकून नाशिकचे भाऊ त्याच्याकडे झुकले होते. धाकट्या बहिणीने फोनवर विचारलं, “पाडणार असेल तर दादानं तीन वर्षं कशाला घातली?” त्यावर भावांनी दोन दिवस मागितले आणि मग तरुण जोडप्याशी साठेखत करायला होकार दिला. साठेखताची मुदत मोठी ठेवलीय, म्हणजे त्यांना पैसे जमवायला अवधी मिळेल.

मसुदा लिहिताना एका कलमावर मात्र तासभर अडलं. ताबा पावसाळ्याआधी द्यायचा की नंतर? आणि ताब्याआधी मे महिन्यात धाब्याला मातीचा हात कुणी द्यायचा? घेणाऱ्या तरुणाच्या आईचं म्हणणं, घर तुमचं आहे तोवर तुम्ही द्या. गुरुजींचं म्हणणं, राहणार तुम्ही आहात, मिस्त्री तुमच्या ओळखीचा व्हायला हवा. शेवटी असं लिहिलं गेलं: माती आणि मजुरी विकणाऱ्याची, काम दोन्ही पक्षांच्या समक्ष, आणि नवा थर देण्याआधी जुना थर पूर्ण खरवडून काढायचा. हे शेवटचं वाक्य मिस्त्रींनी आग्रहाने घालायला लावलं.